लेकराची छाती भरली तर: न्यूमोनिया व्हायरल की बॅक्टेरियल, हे पायरीपायरीने कसं ओळखायचं

"डॉक्टर, रातच्याला लेकराची छाती लई वाजतीया, पोटबी उडतंय." श्रावणातली गोष्ट. ढेबेवाडी खोऱ्यातून सकाळच्या एसटीने कराडला आलेल्या आजींनी सात महिन्यांच्या नातवाला माझ्या टेबलावर निजवलं. नाक वाहत होतं, ताप जेमतेम १००, आणि जवळ कान नेला तर छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. त्याच दुपारी कराडातलीच चार वर्षांची मुलगी आली. सर्दी नाही, खोकलाही नावापुरता. ताप १०४, आणि "पोटात दुखतंय" म्हणून उजव्या कुशीवर मुडपून पडलेली. दोघांच्याही केसपेपरवर आधीच्या कुणीतरी "न्यूमोनिया?" असं लिहिलेलं होतं. मुलाला अँटिबायोटिकचा काही उपयोग नव्हता. मुलीचं त्यावाचून भागणार नव्हतं.

विषाणूचा (व्हायरल) न्यूमोनिया आणि जिवाणूचा (बॅक्टेरियल) न्यूमोनिया यांतला हा फरक कसा ओळखायचा, हे आईबाप, आशाताई आणि खेड्यावर प्रॅक्टिस करणारे तरुण डॉक्टर मला सतत विचारतात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. बहुतेकांना वाटतं की एक रक्त तपासलं की उत्तर हातात येतं. तसं होत नाही. मुलाचं वय, आजार कुठल्या दिवशी कसा वळला, श्वास कसा चाललाय आणि पुढच्या ४८ तासांत काय घडतंय, या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. रिपोर्ट त्यानंतर.

सगळ्यात आधी श्वास मोजा

व्हायरल की बॅक्टेरियल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की लेकराला श्वास किती जड जातोय. व्हायरल आजारातही मूल दगावू शकतं आणि बॅक्टेरियल आजारही घरच्या घरी गोळीने बरा होऊ शकतो, त्यामुळे हा क्रम उलटा करू नका.

मोजायचं असं. मूल आईच्या मांडीवर शांत असावं, झोपलेलं असेल तर फारच उत्तम. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा धरू नका. झबलं वर करून छाती आणि पोट दोन्ही उघडं ठेवा. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट वर आलं की एक, परत वर आलं की दोन, असं पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह होतो, पण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, दहा सेकंद भरभर आणि पाच सेकंद संथ असाही चालतो. तिथे गुणाकार फसतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आहेत आणि आपल्या आशाताईंनाही हेच शिकवले जातात. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा. पण मूल धापा टाकत असेल तर ताप उतरायची वाट पाहत बसू नका.

मग छातीच्या खालच्या कडेकडे बघा, जिथे बरगड्या संपून पोट सुरू होतं. निरोगी मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही फुगतात. त्रासात असलेल्या मुलाचा श्वास आत जाताना पोट फुगतं आणि तीच कड आत ओढली जाते, खळगा पडतो. आपल्याकडच्या आज्या याला "बरगड्या ओढतोय" किंवा "पोट उडतंय" म्हणतात. या शब्दांना मी फार मानतो. आजीने पोट उडतंय म्हटलं की मी आधी झबलं वर करतो.

पुढचं काहीही दिसलं तर व्हायरल की बॅक्टेरियल हा विचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात न्या: मूल पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटका आला, सुस्त पडलंय आणि हलवून नीट जागं होत नाही, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, प्रत्येक श्वासाला कण्हतंय, शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतो. मूल फार कुपोषित असेल तरही घरी थांबू नका. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर भेद करत बसूच नये. पुन्हा मोजूनही श्वास ६० किंवा जास्त असेल, ताप असेल किंवा अंग गार पडलं असेल, दूध ओढणं कमी झालं असेल, तर तो गंभीर जिवाणू संसर्ग समजून दाखलच करावं लागतं.

कोविडनंतर पुष्कळ घरांत ऑक्सिमीटर आलेत. बाळाच्या बोटाला मोठ्यांची क्लिप नीट बसत नाही. ती पायाच्या अंगठ्याला लावून, पाय गरम ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९० च्या खाली ऑक्सिजन लागतोच, आणि ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आकडा ९७ आहे पण बरगड्या ओढल्या जाताहेत, असंही होतं. तिथे बरगड्यांवर विश्वास ठेवा.

आता वय आणि दिवसांचा क्रम

छातीला कान लावण्याआधी मी आईला विचारतो, "पहिल्या दिवशी काय झालं? मग दुसऱ्या दिवशी?" एवढ्या एका प्रश्नातून जितकं कळतं तितकं क्वचितच कुठल्या मशीनमधून कळतं.

व्हायरल आजार बहुधा नाकातून सुरू होतो. आधी घरात कुणाला तरी सर्दी, शाळेत जाणारी ताई शिंकत असते. मग बाळाचं नाक गळतं, एकदोन दिवसांनी खोकला, मग छातीत घरघर. जिना उतरावा तसा आजार पायरीपायरीने खाली उतरतो. दोन वर्षांखालच्या बाळात याचं नेहमीचं कारण आरएसव्ही हा विषाणू. त्यात तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट असतो, मग हळूहळू उतार पडतो. आपल्या भागात पावसाळा मध्यावर आला की इन्फ्लुएन्झा, आणि पाऊस उतरताना थंडीच्या तोंडाशी आरएसव्ही, अशी बाळांची रांग लागते. पाटण, जावळीकडची घरं या दिवसांत बंद, दमट, चुलीच्या धुराने भरलेली असतात. बाळाच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या असतात, त्यात हा धूर.

बॅक्टेरियल न्यूमोनियाची चाल वेगळी. मूल काल खेळत होतं आणि आज १०३-१०४ तापाने फणफणलंय, थंडी वाजतेय, चेहरा लाल, डोळे निस्तेज. खोकला कधीकधी दोन दिवस उशिरा सुरू होतो. ताप उतरवल्यावरही मूल पडूनच राहतं. ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. व्हायरल तापातलं मूल पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात उठून बिस्किट मागतं. जिवाणूच्या न्यूमोनियातलं मूल अंग गार पडलं तरी आईच्या खांद्यावरून मान उचलत नाही. अपवाद दोन्हीकडे असतात. इन्फ्लुएन्झा आणि ॲडिनो हे दोन विषाणू १०४ ताप आणून मुलाला पार झोपवतात. म्हणून नुसत्या तापाच्या आकड्यावरून निकाल देऊ नका.

तिसरी चाल सगळ्यात फसवी. साधा फ्लू झाला, चार-पाच दिवसांत ताप उतरला, मूल अंगणात गेलं, घरचे निर्धास्त झाले, आणि दोन दिवसांनी ताप पुन्हा उसळला, या वेळी श्वासासकट. विषाणूने श्वासनळीचं अस्तर खरवडलेलं असतं आणि त्या जखमेवर न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू बसलेले असतात. बरं होऊन पुन्हा आलेला ताप जिवाणूचा धरूनच मी पुढे जातो, आणि असं मूल त्याच दिवशी बघायला हवं. म्हणून आईबापांना सांगणं आहे की कॅलेंडरच्या चौकटीत रोजचा ताप लिहून ठेवा. "चार-पाच दिवस येतंय-जातंय" या वाक्यातून मला काहीच हाती लागत नाही.

पाच वर्षांवरच्या मुलांत आणखी एक पाहुणा असतो, मायकोप्लाझ्मा. आहे जिवाणूच, पण वागतो विषाणूसारखा. ताप मध्यम, डोकं दुखतं, घसा खवखवतो, कोरडा खोकला आठवडाभर हटत नाही, मूल शाळेतही जात असतं, आणि एक्स-रे काढला तर तो मुलापेक्षा जास्त आजारी दिसतो. याच्यावर अमॉक्सिसिलिन हे न्यूमोनियातलं नेहमीचं अँटिबायोटिक चालत नाही, कारण या जिवाणूला त्या औषधाने फोडता येईल अशी भिंतच नसते. अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची खरी जागा इथे आहे. वर्षाच्या बाळाला सर्दी-खोकल्यात तीन दिवस अझिथ्रोमायसिन देण्याची जी पद्धत पडलीय, ती थांबायला हवी. बाळाला फायदा शून्य, आणि गावातल्या न्यूमोकोकसला ते औषध पचवायची सवय लागते.

छातीला कान लावल्यावर

दोन्ही बाजूंना पसरलेली घरघर आणि शिट्टी असेल तर कल व्हायरलकडे किंवा दम्याकडे जातो. जिवाणूच्या न्यूमोनियात शिट्टी फार क्वचित. तिथे छातीच्या एकाच भागावर हवा कमी ऐकू येते आणि कानाजवळ चिमटीत केस चोळावेत तसा बारीक करकर आवाज येतो. बाकी छाती स्वच्छ.

शिट्टी वाजणाऱ्या मुलाचा श्वास जलद असेल तर लगेच अँटिबायोटिक लिहू नये. नेब्युलायझरने किंवा स्पेसरने साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध द्यावं, १५-२० मिनिटांच्या अंतराने गरजेप्रमाणे तीनदा, आणि श्वास पुन्हा मोजावा. श्वास खाली आला आणि बरगड्या ओढणं थांबलं तर तो बहुतेक दम्याचा किंवा व्हायरसने आलेला आकुंचनाचा त्रास होता. सहा महिन्यांच्या बाळाला मात्र याने फारसा फरक पडत नाही, कारण तिथे नळी आकसलेली नसते, सूज आणि शेंबडाने भरलेली असते. पडला नाही फरक, तर तेच औषध रेटत राहू नका.

आता त्या चार वर्षांच्या मुलीकडे येतो. फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागून असतो आणि त्याची कळ मुलाला पोटात जाणवते. उलट्याही होतात. उमेदीच्या काळात मी अशाच एका मुलाला आधी पोटाच्या सोनोग्राफीला धाडलं होतं आणि त्यात त्याचा एक दिवस गेला. ती चूक अजून टोचते. तेव्हापासून पोटात दुखणाऱ्या, ताप असलेल्या प्रत्येक मुलाचा श्वास मोजल्याशिवाय मी पोटाला हात लावत नाही. या मुलीचा श्वास ४८ होता आणि उजव्या बाजूला पाठीवर खाली करकर.

एकाच बाजूला शिट्टी वाजत असेल आणि सुरुवात अचानक झाली असेल, तर विचारा: शेंगदाणे खात होतं का? ठसका लागला होता का? आपल्याकडे सुगीत अंगणात शेंगांचे ढीग असतात, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया हाताशी असतात. श्वासनळीत अडकलेला दाणा महिनोन् महिने "न्यूमोनिया" म्हणून औषधं खात राहतो. तसंच दोन आठवड्यांवर खोकला, वजन घटतंय किंवा वाढत नाही, घरात कुणाला टीबी, तर व्हायरल आणि बॅक्टेरियल या दोन्ही कप्प्यांबाहेर बघा आणि सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या.

तपासण्या काय सांगतात, काय नाही

एक्स-रेबद्दल मोठा गैरसमज आहे. एका खंडात गच्च पांढरा भाग, किंवा फुफ्फुसाभोवती पाणी, असं दिसलं तर जिवाणूची शक्यता वाढते. दोन्हीकडे पसरलेल्या बारीक रेषा आणि फुगलेली फुफ्फुसं व्हायरलकडे बोट दाखवतात. पण या दोन चित्रांच्या मधलेच एक्स-रे जास्त येतात, आणि तेवढ्यावरून भेद करता येत नाही. घरी उपचार करण्याजोग्या मुलाला एक्स-रे लागतही नाही. मूल दाखल करायचं आहे, ४८ तासांत उतार नाही किंवा छातीत पाणी झाल्याची शंका आहे, तेव्हा तो काढावा.

सीआरपीचंही (शरीरातल्या सुजेची रक्तातली खूण) तसंच. आजार सुरू झाल्याच्या पहिल्या काही तासांत तो वाढलेलाच नसतो, त्याचा शिखराचा काळ साधारण दोन दिवसांनी येतो. ॲडिनो विषाणूत तो जिवाणूइतकाच चढतो. खूप वाढलेला सीआरपी आणि एका बाजूची करकर असेल तर दोन्ही मिळून काही सांगतात. "सीआरपी २० आलाय, अँटिबायोटिक चालू करा" याला मात्र आधार नाही. पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर आणि त्यात न्यूट्रोफिल (त्या पेशींचाच एक प्रकार) जास्त, हा पुरावाही तितकाच लंगडा. प्रोकॅल्सिटोनिन (अशीच आणखी एक रक्ततपासणी) थोडं बरं: ते ०.२५ च्या खाली असेल तर नेहमीच्या जिवाणूचा न्यूमोनिया असण्याची शक्यता बरीच कमी होते. सगळीकडे मिळत नाही आणि स्वस्तही नाही. रक्ताचं कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी) दाखल झालेल्या गंभीर मुलाचं जरूर करावं, पण न्यूमोनियाच्या शंभर मुलांत दहांतही ते पॉझिटिव्ह येत नाही, म्हणून निगेटिव्ह कल्चरचा अर्थ "जिवाणू नाही" असा घेऊ नये.

शहरातून नाकाच्या स्वॅबचं पॅनेल (एकाच वेळी अनेक विषाणूंची तपासणी) करून आणणारे पालकही हल्ली येतात. नाकात सापडलेला विषाणू फुफ्फुसातल्या आजाराचं कारण असेलच असं नाही. ऱ्हायनो विषाणू तर धडधाकट मुलांच्या नाकातही सापडतो. आरएसव्ही किंवा इन्फ्लुएन्झा सापडला तर त्याला वजन आहे, आणि इन्फ्लुएन्झात ओसेल्टामिविर हे त्या विषाणूवरचं औषध लवकर सुरू करता येतं. तरी विषाणू सापडला म्हणून सोबत जिवाणू नाही असं होत नाही.

विषाणूंचा वाटा किती मोठा आहे, हे मात्र ध्यानात असावं. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत दाखल झालेल्या, एक्स-रेवर न्यूमोनिया दिसणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंचा आणि २७ टक्के जिवाणूंचा निघाला, आणि एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के. भारत त्यात नव्हता, बांगलादेश आणि थायलंड होते.

मग औषध कुणाला

विषाणू जास्त, तरी अँटिबायोटिक का देतात, असं कुणी विचारेल. कारण गंभीर मुलात जिवाणू सुटला तर जीव जातो आणि खेड्यात नक्की भेद करायची सोय नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की पाच वर्षांखालच्या मुलाला शिट्टीशिवाय जलद श्वास असेल किंवा बरगड्या ओढल्या जात असतील तर तोंडाने अमॉक्सिसिलिन द्यावं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळतं. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी, शेजारच्या मुलाची उरलेली बाटली कधीही देऊ नये. जलद श्वास नाही, बरगड्या ओढत नाहीत, नुसता खोकला-सर्दी-ताप आहे, तर तो न्यूमोनियाच नाही आणि अँटिबायोटिकही नाही. माझा स्वतःचा कल असा: दोन वर्षांखालचं बाळ, नाकापासून सुरू झालेला आजार, दोन्हीकडे शिट्टी, ताप कमी, पितंय नीट, तर अँटिबायोटिकशिवाय रोज बघतो. रोज येणं जमणार नसेल, ऊसतोडीच्या कोपीवरचं बाळ असेल, तर दाखल करून बघतो. कारखान्याची धुराडी पेटली की ही बाळं उघड्यावर, थंडीत, चुलीच्या धुरात असतात आणि त्यातल्या पुष्कळांच्या लसी गावाकडेच राहिलेल्या असतात.

औषध सुरू केल्यावर ४८ तासांनी मूल पुन्हा दाखवायलाच हवं. जिवाणूचा आजार आणि योग्य औषध असेल तर ताप उतरतो, श्वास कमी होतो, भूक लागते. तसं झालं नाही तर औषध बदलण्याआधी प्रश्न विचारायचे: विषाणू होता का, छातीत पाणी किंवा पू झालाय का, मायकोप्लाझ्मा, टीबी, की अडकलेला दाणा? आणि उतार पडला म्हणून मधेच बाटली बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

घरी काय करायचं ते थोडक्यात. अंगावरचं दूध थोडं थोडं पण वरचेवर पाजा. नाक बंद असेल तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला, कारण बाळ नाकानेच श्वास घेतं आणि नाक चोंदलं की पिणं सोडतं. पॅरासिटामॉल देताना बाटलीवरचा आकडा वाचा. ५ मिलीत १२५, ५ मिलीत २५० आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम अशी तीन प्रकारची औषधं एकाच कपाटात असतात, आणि थेंबांचं औषध चमच्याने दिल्याने घोटाळे होतात. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. खोकल्याचं सिरपही नको. केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय की दोन वर्षांखाली ते देऊ नये आणि पाच वर्षांखाली सहसा त्याची गरज नसते. छातीला विक्स, पोटावर डाग, नाकात तेल, यातलं काहीही नको. नाकात घातलेलं तेल फुफ्फुसात उतरतं आणि स्वतःच न्यूमोनिया करतं.

लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, कारण निदानही त्यावरून बदलतं. पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते, त्यात न्यूमोनिया करणाऱ्या हिब या जिवाणूविरुद्धचा भाग असतो. न्यूमोकोकसची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. दोन्ही पूर्ण झालेल्या बाळात मी विषाणूकडे थोडा जास्त झुकतो. कार्ड कोरं असेल तर झुकत नाही.

मुलीच्या एक्स-रेत उजवीकडे खाली गच्च पांढरा भाग होता. अमॉक्सिसिलिन सुरू केलं, दुसऱ्या रात्री ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी तिने दुधात कुस्करलेली भाकरी मागून खाल्ली. बाळाला दीड दिवस ऑक्सिजन आणि नाक साफ करणं, एवढंच लागलं. चौथ्या दिवशी ते घरी गेलं, पण खोकला उरलाच. व्हायरल आजारानंतर तो दोन-तीन आठवडे राहतो आणि तेवढ्यासाठी औषधही लागत नाही, पुन्हा एक्स-रेही लागत नाही. गौरी-गणपतीच्या आधी आजी त्याला घेऊन परत आल्या. "अजून खोकतंय, एक बाटली द्या की," म्हणाल्या. मी टायमर लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी झबलं वर केलं, पोटावर नजर ठेवून ओठांतल्या ओठांत मोजलं आणि मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "अडतीस." मी केसपेपरवर ३८ लिहिलं आणि बाटली दिली नाही.